मित्राबाबूंचं वावर

आमच्या घरात फोटो म्हणजे मेलेल्या माणसाचा, इतकी साधी समजूत होती. जिवंत माणूस समोर बसलेला असताना त्याचा कागद कशाला करायचा, असं मायचं म्हणणं. भंडाऱ्याकडच्या गावाहून आम्ही भिलाईला आलो तेव्हा दोन ट्रंका, पाण्याचा पितळेचा गुंड, जातं आणि आजोबांचा एक फोटो एवढंच सामान क्वार्टरमध्ये आलं होतं. आजोबांचा तो फोटो ते गेल्यावर त्यांना खुर्चीत टेकवून काढलेला. डोळे अर्धवट उघडे, मागून कुणाचा तरी हात त्यांच्या पाठीला धरून. लहानपणी मला त्या फोटोची भीती वाटायची आणि त्या मागच्या हाताची जास्त. त्यामुळे पुढे फोटोच्या मागे मी असं आयुष्य घालवीन, असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर आमच्या घरात हशा पिकला असता. आज लोक मला थोडी गर्विष्ठ म्हणतात. म्हणू देत. ज्या गोष्टीचा गर्व आहे ती सांगायलाच तर बसले आहे.

बाबा कारखान्यात रिगर होते, म्हणजे क्रेनला दोर अडकवून लोखंडाचे मोठाले तुकडे जागेवर बसवायचं काम. गावचं वावर, म्हणजे आमचं शेत, काकांच्या स्वाधीन करून ते आले होते, ते महिन्याच्या पगारासाठी आणि खरं सांगायचं तर लोखंडाच्या हौसेपायी. घरी आल्यावर जेवताना ते आज काय उचललं ते सांगत, जणू स्वतःच्या खांद्यावर उचललं होतं. भट्ट्या अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. जमिनीत खांब ठोकणारं यंत्र दिवसभर धम धम करायचं आणि त्या तालावर मांडणीतली भांडी हलायची. माय त्या आवाजाला इतकी सरावली की यंत्र बंद पडलं की तिच्या हातातलं काम थांबायचं आणि ती विचारायची, "आता काय झालं बाप्पा?" लाल मुरुमाची धूळ सगळ्या घरात. लाखोळीच्या डाळीवर झाकण ठेवायला उशीर झाला तर वरणात मुरुम. बाबा म्हणायचे, खा, लोखंडच आहे, अंगी लागेल.

आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये मित्राबाबू आणि त्यांची बायको राहत. बायकोला सगळी गल्ली काकीमा म्हणायची. मित्राबाबूंची नोकरी होती फोटो काढण्याची. पाया खणला, फोटो. खांब उभा राहिला, फोटो. कारखाना कसा वर चढतो आहे ते वरच्या साहेबांना कळावं म्हणून. बारीक अंगाचा, पोटाच्या दुखण्यामुळे कायम आंबट तोंड केलेला माणूस. त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून तिथे अंधारखोली केली होती, आणि काकीमा बिचारी अंगणातल्या नळावर पडदा धरून अंघोळ करायची. यावरून गल्लीत बायका जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. रविवारी मात्र मित्राबाबू सायकलला लाकडी कॅमेरा आणि त्याचे तीन पाय बांधून निघायचे, ते थेट जामुलच्या वाटेने, नाहीतर हथखोजकडे. तेव्हा तिकडे नुसती धानाची शेतं आणि तळी. ते फोटो कुणी सांगितलेले नसायचे. ते त्यांचे स्वतःचे.

मी मॅट्रिक झाले होते आणि पुढे काय ते ठरत नव्हतं, म्हणून मायने मला काकीमाकडे क्रोशाचं विणकाम शिकायला धाडलं. काकीमा मुरमुऱ्यात मोहरीचं तेल आणि हिरवी मिरची घालून वाटीभर समोर ठेवायची आणि मग विणकामापेक्षा गप्पाच जास्त व्हायच्या. एक दिवस सुईवरून नजर वर गेली, तर खिडकीच्या काचांवर ओले फोटो चिकटवून वाळत घातलेले. शेत. तळं. पुन्हा शेत. वाट. एकातही माणूस नाही. मी इतका वेळ पाहत बसले की काकीमाने माझ्या हातातला दोरा काढून घेतला तरी मला कळलं नाही. मित्राबाबू आतून आले, तेव्हा मी धीर करून विचारलं, "काका, इसमें आदमी क्यों नहीं है?"

"तू है ना, देखने वाली," ते म्हणाले. "और कितने आदमी चाहिए?"

आणि मग, का कोण जाणे, एक फोटो काचेवरून सोडवून, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून त्यांनी माझ्या हातात दिला. आठवडाभर बघ, पुढच्या रविवारी संध्याकाळी परत आण आणि काय पाहिलं ते सांग. मी आपली खुशीत घरी. रविवारी जाऊन घडाघडा सांगितलं: दोन झाडं, एक तळं, काठावर दगड, लांब डोंगर. मित्राबाबूंनी कपाळाला हात लावला. "ये तो नाम है. नाम तो मुझे भी मालूम है. देखा क्या?" तोच फोटो पुन्हा आठवडाभर मिळाला. मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला, की त्या आठवड्यात मी खरंच पाहायला लागले.

माझं शिक्षण हे असं झालं. शाळा नाही, पुस्तक नाही, एका आठवड्याला एक फोटो. ट्रंकेवर पितळी गुंडाला टेकवून ठेवायचा आणि येता जाता पाहायचा. हळूहळू मला मित्राबाबूंची रीत कळायला लागली. बाजारातल्या कॅलेंडरावर आभाळाला अर्धा कागद देतात. मित्राबाबू आभाळाला दोन बोटं देत आणि बाकी सगळी जमीन. मावळता सूर्य त्यांच्या एकाही फोटोत नव्हता. सूर्य म्हणजे आयती टाळी, असं म्हणायचे. कडक ऊनही त्यांना चालत नसे. ढग येऊन सावलीची कड पुसली जाईपर्यंत ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहत, कधी कधी तर फोटो न काढताच परत येत आणि त्या दिवशी काकीमाला घरात फार जपून वागावं लागे. कारखाना त्यांच्या शेतांच्या फोटोत यायचा, पण अगदी कडेला, नखाएवढा. एक चिमणी, नाहीतर क्रेनचा हात. आणि त्यांचा काळा रंग! तसा काळा मी नंतर कुणाचाच पाहिला नाही. वरवर पाहावं तर गडद अंधार, आणि नजर थोडी ठरली की आत एखादी फांदी, गवताचं पातं, ओल्या मातीची चमक. "काले के अंदर जाओ," ते म्हणायचे. "अंदर कुछ नहीं मिले, तो समझो फोटोवाला आलसी था."

सगळ्यात मोठा धडा लाल आणि हिरव्याचा. आमच्याकडची माती लाल आणि धान हिरवं, डोळ्यांना ते किती वेगळं दिसतं. काळ्यापांढऱ्या फोटोत दोन्ही एकाच राखी रंगाचे होतात, शेत आणि वाट एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मित्राबाबू पाऊस पडून गेल्यावर जायचे, मुरुम ओला होऊन चमकायला लागला की वाट शेतापासून सुटी होते. हे समजल्यावर मला वेडच लागलं. दिसेल त्यातला रंग काढून टाकून मी पाहायला लागले. मायचं हिरवं लुगडं आणि वीटकरी भिंत, एकच राख. एकदा ताटावर बसून म्हटलं, "माय, वरण आणि भात अलग अलग दिसतात, पन वरण आणि पोळी एकच हाय." मायने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. "कावून अशी करून राहिली हे पोट्टी?" ती बाबांना म्हणाली. "विणाले धाडली, त भलतंच शिकून राहिली."

आता आम्ही भिलाईतच, हुडको कॉलनीत राहतो. माझा नातू नाश्ता करता करता फोनवर दहा-वीस फोटो काढतो, पोह्यांचे, स्वतःचे, माझेही, तोंड उघडं असतानाचे. मी विचारते, काढलास खरा, पण पाहिलंस का? तो म्हणतो, "आजी, बाद में देख लूँगा ना." त्याचं मराठी एवढंच, "आजी" या शब्दापुरतं.  मी मनात म्हणते, बाद में कुणी पाहत नसतं रे.

मित्राबाबूंकडचं ते शिक्षण वर्षभर चाललं असेल. मधल्या काळात मित्राबाबूंच्या हातांना काय झालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. फोटो धुवायच्या औषधात वर्षानुवर्षं बोटं बुडवून त्यांच्या हातांची कातडी फाटायला लागली. भेगा पडल्या, रक्त यायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा त्या पाण्यात हात घालाल तर बोटं कायमची जातील. कारखान्याच्या फोटोंसाठी ऑफिसात दुसरे लोक होते. पण स्वतःच्या फोटोंना मित्राबाबू कुणाला हात लावू देत नसत. त्यामुळे पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून ते खुर्चीत बसून राहायला लागले. त्यातच क्लबाच्या हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. कारखान्याचे नव्हे, शेतांचे फोटो. यासाठी ते कितीतरी दिवस साहेबांच्या मागे लागले होते. फोटो आधीचे काढून ठेवलेले होते, नवा एकही करावा लागणार नव्हता, एवढं नशीब.

त्यातला मधला, सगळ्यात मोठा फोटो त्यांनी मला त्या आठवड्यात दिला. जामुलच्या वाटेवरचं वावर. नुकतीच नांगरणी झालेली, धुरे वळत वळत वर गेलेले, एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचलेलं, डावीकडे एक बाभूळ, आणि अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात क्रेनचा हात. "इसको बीच में लगाना है," ते म्हणाले. "देखकर बता, बीच के लायक है कि नहीं." मला विचारत होते! मी तो फोटो छातीशी धरून घरी आले, आणि चालताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या आठवड्यात पोळा आला. आमच्याकडे पोळा म्हणजे मोठा सण, आणि भिलाईत तर दुप्पट, कारण छत्तीसगढी शेजारणीसुद्धा ठेठरी आणि खुरमी तळायच्या. सगळ्या ओळीत तेलाचा वास. गावी असताना आमची खरी बैलं असायची. त्यांचे खांदे तुपाने शेकायचे, शिंगांना बेगड लावायचा, आणि मग त्यांच्या पायांवर पाणी घालून पूजा. क्वार्टरमध्ये बैल कुठला? बाबांनी माझ्या धाकट्या भावासाठी नागपूरहून तान्ह्या पोळ्याची लाकडी बैलजोडी आणली होती. चाकांवर चालणारी, लाल झूल रंगवलेली. माय ती फरशीवर मांडायची, आणि दर पोळ्याला तिचं तोंड उतरायचं. मी करंज्यांचं ताट घेऊन काकीमाकडे गेले होते. तिकडे थोडी बसले, परत आले तर घरात समई लावलेली, लाकडी बैल चौरंगावर, आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, पुठ्ठ्यातून काढलेला मित्राबाबूंचा फोटो. उघडा. बांधीत, धुऱ्यावर, बाभळीच्या बुंध्याशी ओल्या हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. वर अक्षता चिकटलेल्या.

"पाय ना, कशी जोडी शोभून राहिली!" माय म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "बैलं का नुसते फरशीवर उभे करायचे? बैलाले वावर पायजे ना! तुह्या त्या कागदाचा हा एक उपेग झाला."

बाबा हात जोडून उभे होते. क्रेनच्या गप्पा मारणारे माझे बाबा, त्या फोटोसमोर असे उभे होते की मला त्यांच्याकडे पाहवेना. मी ओरडले, रडले, फोटो उचलून अक्षता काढायला गेले, तर तांदळाच्या प्रत्येक दाण्याबरोबर कागदाचा वरचा पातळ थर निघून यायला लागला. तेव्हा मायला कळलं की काहीतरी वाईट झालं आहे. तिने एकदम आवाज खाली आणला, "काय झालं वं? पुसून घेऊ ना ओल्या फडक्यानं?" मी नको नको म्हणेपर्यंत तिने पदर ओला केलाही होता. मला तिचा फार राग आला होता. आणि खोटं कशाला सांगू, ते लाकडी बैल त्या वावरात खरंच उभे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मित्राबाबूंकडे जायचं होतं. मी एकटीच निघाले, तर माय लुगडं बदलून दारात उभी. "मी येतो तुह्यासंगं," ती म्हणाली. "केलं मी, सांगन बी मीच." मित्राबाबूंच्या समोर तिने पुठ्ठा स्वतःच्या हाताने उघडला. "साब, पोरी ने नहीं किया. मैंने किया. पोळा था ना. बैल को वावर नहीं था, इसलिये." मित्राबाबू फोटो खिडकीपाशी घेऊन गेले.  काकीमा चहा आणता आणता दारातच थांबली.

"ले जाइए," शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. "अब ये आपका भगवान है. मेरा फोटो नहीं रहा." मग माझ्याकडे न बघता, "तू भी अब बस कर. घर का काम सीख."

प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. मधली जागा रिकामी राहणार होती, आणि माझं ते एका आठवड्याला एक फोटोचं शिक्षण तिथेच संपलं होतं. आयुष्यात मला काही हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते हातातून गेलं हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. माय खाली मान घालून उभी होती. तिची ती मान पाहून माझ्यात कुठून बळ आलं कुणास ठाऊक.

"काका, निगेटिव तो है ना?" मी विचारलं.

"निगेटिव है." त्यांनी पट्ट्या बांधलेले दोन्ही हात वर केले. "हाथ नहीं हैं."

"मेरे हैं," मी म्हटलं.

काकीमाच्या हातातली बशी वाजली. मित्राबाबूंनी मला निरखून पाहिलं आणि एकदम विचारलं, "आँख बंद कर. बाएँ नीचे क्या है?" मी डोळे मिटले. सगळं समोर होतं, हळदीकुंकवाच्या आधीचं. ढेकळं आहेत, मी सांगितलं, पुढची मोठी आणि काळी, मागे जाता जाता बारीक आणि राखी होत जातात. धुरा डावीकडून आत शिरतो आणि मधल्या बांधीपाशी थांबतो. आभाळ वरून दोन बोटं, उजवीकडे जरा जास्त उजळ, त्यामुळे क्रेन दिसतो. "सबसे गहरा काला?" बाभळीखाली, पण बंद नाही, आत दोन डहाळ्या आहेत. एक जाड, एक बारीक. मी बोलत गेले आणि त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. डोळे उघडले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. "कल शाम को आना," एवढंच म्हणाले.

बाहेर आलो तोच माय रस्त्यात थांबली. "अंधाऱ्या खोलीत? परक्या मानसासंगं? तुले काही समजते का नाही? गल्ली काय म्हनन?" तिचं चुकत नव्हतं. आमच्या ओळीत एक गोष्ट एका टोकाला निघाली की कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचायची, आणि मी लग्नाची मुलगी. मी तिच्याशी भांडले नाही. नुसती उभी राहिले. ती बरंच अंतर चालून गेली, मग वळून पाहिलं, आणि तिथूनच ओरडली, "मग मी बी येऊन बसतो तिथं. पन भाजी निवडाची हाय माही, सांगून ठेवतो."

आणि ती खरोखर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या न्हाणीघरात आम्ही तिघं: मी उभी, मित्राबाबू दाराला टेकून हात पाठीमागे धरलेले, आणि कोपऱ्यात पाटावर माय, मांडीवर सुपात मेथी. मित्राबाबूंनी पांढरा दिवा घालवून लाल दिवा लावायला सांगितला. लगेच मायचा आवाज, "अवो माय! हे मेथी काळी कावून झाली? ताजी आनली होती ना बाप्पा!" मित्राबाबू हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. लाल उजेडात हिरवं काळं दिसतं, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "असं होय? मग आमची पोट्टी येडी नाही झाली म्हनाची."

मोठा कागद कलकत्त्याहून यायचा आणि शिल्लक अगदी थोडा होता, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. आधी चिंधीएवढ्या पट्ट्यांवर उजेडाचा अंदाज घेतला. मग पहिला पुरा कागद. फोटो मोठा करायच्या यंत्राखाली कागदावर उजेड पडतो तेव्हा जिथे फोटो जास्त काळा नको तिथे तळहात मधे धरून सावली करायची. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर हाताची कड उमटते. मित्राबाबू मागून सांगत होते, "हिला, हिला, रोटी सेंकती है ना, वैसे." पहिला कागद काळवंडला. दुसऱ्यात बाभूळ गेली, आत काही राहिलं नाही, आळशी माणसाचा काळा. त्यांचा श्वास मला मागून ऐकू येत होता.  माय मेथी निवडायची थांबली होती.

तिसऱ्या कागदाला मी कुणाचं ऐकलं नाही. म्हणजे मित्राबाबू बोलत होते, पण आठवडाभर पाहिलेलं ते वावर बोलत होतं, त्याचं मी ऐकलं. बाभळीवर हात धरून ठेवला, क्रेनपाशी सोडला. आणि एक गोष्ट मी स्वतःच्या मनाने केली. मित्राबाबूंच्या फोटोत बांधीतलं पाणी पांढरंफटक होतं, कोऱ्या कागदासारखं. ते मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं. म्हणून बाकी सगळं दोन्ही हातांनी झाकून, बोटांच्या फटीतून नुसत्या पाण्यावर मी उजेड जास्त वेळ पडू दिला. मग कागद औषधात सोडला. आधी काहीच नाही. मग धुरा. मग ढेकळं. माय पाटावरून उठून माझ्या खांद्यावरून वाकली होती, बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या सुइणीसारखी. "आलं वो, आलं! धुरा आला! झाड आलं! मायबाई, पानी हालून राहिलं!"

पाणी हलत होतं. बारीक, केसाएवढ्या लाटा, वाऱ्याने उठलेल्या. त्या निगेटिवमध्ये आधीपासून होत्या, फक्त कुणी बाहेर काढल्या नव्हत्या.

पांढरा दिवा लागल्यावर मित्राबाबूंनी तो ओला कागद परातीतच वाकून पाहिला. "पानी में क्या किया?" त्यांनी विचारलं. जास्त उजेड दिला, मी म्हटलं. "किसने कहा था?"  मी म्हटलं, "आपने. काले के अंदर जाओ, बोले थे. मैं सफेद के अंदर गई." ते सरळ झाले. न्हाणीघराचा नळ ठिबकत होता. मग ते म्हणाले, "सूखने दो," आणि बाहेर जाऊन काकीमाला म्हणाले की मुलीला आणि तिच्या आईला जेवल्याशिवाय सोडू नको. त्या दिवशी आमची मेथी काकीमाच्या कढईत गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा शिफ्ट संपवून थेट आले, अंगावरचे कामाचे कपडे तसेच. क्लबाच्या त्या हॉलमध्ये आमच्यासारखी माणसं कधी शिरत नसत, तिथे साहेब लोक आणि त्यांच्या बायका टेनिस झाल्यावर सरबत प्यायच्या. बाबा आणि मी भिंतीला धरून उभे होतो. मधला फोटो मधे होता. त्याच्यासमोर गर्दी होती, आणि गर्दीत एक मोठे साहेब, ज्यांच्या हाताखाली अर्धा कारखाना होता, ते चष्मा काढून पुढे वाकले. "मित्रा," ते म्हणाले, "बाकी सब तो आपका ही है, पर ये पानी! ये कैसे निकाला?"

मित्राबाबूंनी आजूबाजूला पाहिलं. मी दिसले तशी पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी मला पुढे बोलावलं. बाबांनी मागून ढकललं तेव्हा मी गेले.

"खेत मेरा है, सर," मित्राबाबू म्हणाले. "पानी इनका है. ये प्रिंट कुमारी कुसुम हटवार ने बनाया है."

आजवर त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. काय बोलले ते मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की बाबा गर्दीतून वाट काढत पुढे आले, ग्रीसने काळे झालेले हात जोडले, आणि त्या मोठ्या साहेबांना ओलांडून थेट मित्राबाबूंना म्हणाले, "बाबू, एक बार फिर से बोलिए ना. इसकी माँ बाहर चप्पल उतार रही थी, उसने सुना नहीं."

माय दारात उभी होती, अनवाणी, इतक्या साहेबांच्या बुटांमध्ये एकटी. मित्राबाबूंनी घसा साफ केला, आणि तिच्याकडे पाहत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, माझं नाव पुन्हा घेतलं.